सील चेन घ्यावी की साधीच बरी? गाडीचं कव्हर आणि रोजचे किलोमीटर बघूनच पैसे घाला

चेन वाजायला लागली, गिअर टाकताना झटका बसायला लागला की माणूस गाडी घेऊन गॅरेजला जातो. तिथं हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो: साधा चेन सेट टाकायचा की सीलवाला? सीलवाला सेट साध्यापेक्षा दीड ते दोन पट महाग असतो. त्याच्याबद्दल ऐकायला मिळतं ते असं, की एकदा टाकला की तेल घालायचं नाव नाही, ओढायचं नाव नाही, दोन-तीन वर्षं बघायलाच नको. यातलं अर्धं खरं आहे आणि अर्ध्यानं बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात.

थोडक्यात सांगायचं तर असं. गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर असेल आणि रोजचं फिरणं गावातून रानात, रानातून गावात एवढंच असेल, तर साधी चेन पुरेशी आहे, जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. चेन उघडी असेल किंवा वरून अर्धंच कव्हर असेल आणि गाडी रोज पन्नास-साठ किलोमीटर पळत असेल, तर सील चेन परवडते. आणि गाडी कंपनीतूनच सील चेन घेऊन आली असेल तर तिला साधी चेन टाकून पैसे वाचवायला जाऊ नये. बाकी सगळं यातल्या कारणांचं आहे, आणि ती कारणं समजून घेतली तर दुकानात कुणी काही गळ्यात मारू शकत नाही.

चेन ताणत नाही, झिजते

'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंडाची पट्टी काही रबरासारखी लांब होत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनवर बुश म्हणजे पोकळ नळी असते आणि बुशवर फिरणारा रोलर असतो. ही रचना जुनीच आहे. हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडातल्या मँचेस्टरला 1880 मध्ये बुश-रोलर चेन आणली, तेव्हापासून सायकल असो की मोटारसायकल, मूळ घडण तीच आहे. चेन चक्रीवरून वळते तेव्हा पिन बुशच्या आत घासते. तिथं वंगण असेल तर घासणं कमी, वंगण संपलं आणि धूळ शिरली की दोन्ही बाजूंनी झीज सुरू. प्रत्येक सांधा केसाएवढाच झिजतो, पण शंभर-सव्वाशे कड्यांची झीज एकत्र आली की चेन लोंबायला लागते. समजा 110 कड्यांपैकी प्रत्येक सांधा 0.05 मिलिमीटर झिजला, तर सगळी मिळून साडेपाच मिलिमीटर लांबी वाढली.

म्हणजे खरं दुखणं आत, पिन आणि बुशच्या मध्ये आहे. आपण तेल ओततो ते बाहेरून. साध्या चेनमध्ये ते पट्ट्यांच्या फटीतून आत झिरपावं लागतं, आणि त्याच फटीतून धूळ, पाणी, चिखलही आत जातो.

सील चेनमध्ये एवढाच फरक केलेला असतो. आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये रबराची बारीक रिंग बसवलेली असते. कारखान्यात पिन-बुशच्या मध्ये ग्रीस भरतात आणि रिंग ते आत कोंडून ठेवते. गोल कापाची रिंग असेल तर तिला ओ-रिंग म्हणतात. फुलीसारख्या कापाची असेल तर एक्स-रिंग. एक्स-रिंगच्या कडा चार ठिकाणी टेकतात, त्यामुळे ती जास्त घट्ट सील धरते आणि घासतेही कमी, पण महाग असते.

आता रिंग फक्त पिनच्या बाजूचं सील करते. बाहेरचा रोलर उघडाच राहतो, आणि चक्रीच्या दातावर येऊन आदळतो तो रोलरच. बाहेरच्या पट्ट्याही उघड्याच. म्हणून सील चेनलाही तेल लागतं. ते पिनसाठी नाही, रोलरसाठी, गंजासाठी आणि रबर कोरडं पडून तडकू नये म्हणून. 'बिनतेलाची चेन' म्हणून घेतली, वर्षभर हात लावला नाही, की रिंगा सुकतात, चिरतात, गळून पडतात. एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं, आणि ते परत भरता येत नाही. साधी चेन थोडी कोरडी पडली तर तेल घालून काही दिवस ओढता येते. रिंग गळालेल्या सील चेनचं तसं होत नाही. तिच्या काही कड्या आखडतात, चेन सरळ केली तरी तिथं वाकडीच राहते. अशी चेन बदलणं एवढाच उपाय.

खरोखर तेल आणि ताण दोन्ही नको असं सांगितलेली चेन जगात आहे. बीएमडब्ल्यू मोटरराडनं 2020 मध्ये एम एंड्युरन्स नावाची चेन आणली. तिच्या रोलरवर कार्बनचा अतिशय कठीण थर चढवलेला असतो, त्यामुळे बाहेरही वंगण लागत नाही असं कंपनीचं म्हणणं. ती आधी आली एस 1000 आरआर आणि एस 1000 एक्सआर या हजार सीसीच्या गाड्यांसाठी. तालुक्याच्या दुकानात 'मेंटेनन्स फ्री' म्हणून जे विकलं जातं ते हे नाही. तिथं मिळते ती ओ-रिंगची चेन, आणि तिला 'कमी देखभालीची' म्हणणं एवढंच बरोबर.

पिवळी चेन म्हणजे सील चेन नव्हे

इथं फसायला होतं. सोनेरी किंवा पितळी रंगाची चेन दिसायला भारी असते आणि साध्यापेक्षा महागही असते. पण तो वरचा मुलामा आहे, फार तर गंज उशिरा धरेल. रंगावरून सील आहे की नाही हे कळत नाही. चेन हातात घेऊन आडवी धरावी आणि आतल्या-बाहेरच्या पट्टीच्या मधल्या फटीत बघावं. तिथं काळ्या किंवा तपकिरी रबराची कड प्रत्येक सांध्यावर दिसली तर सील चेन. लोखंडावर लोखंड टेकलेलं दिसलं तर साधी, मग वरून ती कितीही चमकू दे.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सहसा सांगत नाही. रिंगेच्या जाडीमुळे सील चेन साध्या चेनपेक्षा थोडी रुंद असते, पिन बाहेर जास्त येते. गाडी साध्या चेनसाठी बनवलेली असेल तर ही रुंद चेन कव्हरला किंवा पुढच्या चक्रीजवळ इंजिनच्या कव्हरला घासू शकते. म्हणून सेट आपल्या गाडीच्या मॉडेलचाच आहे असं पाकिटावर छापलेलं बघूनच घ्यावा. 'बसतंय की, घाला' असं म्हणून दुसऱ्या गाडीचा सेट टाकू देऊ नये.

पाकिटावर 420, 428, 520 असे आकडे असतात, तेही समजायला सोपे आहेत. पहिला आकडा दोन पिनांमधलं अंतर सांगतो, इंचाच्या आठव्या भागात. 4 म्हणजे चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. 5 म्हणजे पाच अष्टमांश इंच, 15.875 मिलिमीटर. पुढचे दोन आकडे रुंदीचे. 420 पेक्षा 428 रुंद. जुनी चेन 428 असेल तर नवी 428 च हवी आणि कड्यांची संख्याही तीच हवी.

रान कसलं आहे त्यावर चेन

एकाच सोलापूर जिल्ह्यात चेनचे हाल तीन तऱ्हेचे होतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाणंदीतून गाडी घातली की चिकट चिखल चाकाबरोबर कव्हरमध्ये चढतो. सांगोल्याच्या मुरमाड रस्त्यावर आठ महिने फुफाटा. माळशिरस, पंढरपूरकडं कॅनॉलच्या कडेचे रस्ते आणि उसाच्या फडातली ओल.

फुफाट्याच्या रस्त्यावर उघडी साधी चेन सगळ्यात लवकर मरते. तेल लावलं की त्याला धूळ चिकटते आणि तेल-धुळीचा जो गारा होतो तो पॉलिश पेपरसारखा काम करतो. तेल नाही लावलं तर चेन कोरडी झिजते. म्हणजे लावलं तरी पंचाईत, नाही लावलं तरी पंचाईत. अशा ठिकाणी सील चेनचा खरा फायदा दिसतो, कारण बाहेर काहीही झालं तरी आतलं ग्रीस स्वच्छ राहतं.

काळ्या चिखलाचं वेगळं आहे. तो सुकून पट्ट्यांच्या फटीत खड्यासारखा बसतो आणि रिंगेलाही घासतो. चिखलातून आल्यावर सील चेनसुद्धा त्याच दिवशी पाण्यानं धुवावी, सुकू देऊ नये. बंद कव्हरच्या गाडीला चिखलात उलटंच होतं. कव्हर चेनला वाचवतं खरं, पण एकदा आत चिखल गेला की तो तळाशी साचतो आणि चेन त्यातूनच फिरत राहते. यात एक बारीक दोषी असतो, तो म्हणजे कव्हरवरचं रबरी बूच. चेनचा ताण बघायला कव्हरला भोक असतं, त्यावर बूच असतं, आणि बऱ्याच गाड्यांचं ते कधीच हरवलेलं असतं. ते बूच अगदी थोड्या पैशांत मिळतं. हजार रुपये जास्तीचे घालून सील चेन घेण्याआधी ते बूच बसवून घ्यावं. पावसाळा संपला की कव्हरचा खालचा भाग एकदा उघडून आत साचलेला गाळ काढला तर साधी चेनही चांगली टिकते.

फवारणीच्या एचटीपी पंपानं गाडी धुणारे बरेच आहेत. गाडी झटक्यात निघते. पण तो फवारा जवळून चेनवर धरला की साध्या चेनमधलं तेल धुऊन निघतं आणि सील चेनच्या रिंगेखालून पाणी आत घुसतं. गॅरेजच्या वॉशिंगवरही तेच. चेनवर फवारा लांबून धरावा, आणि धुतल्यावर ओल पुसून तेल लावल्याशिवाय गाडी उभी करू नये. खताची पोती गाडीवरून नेणाऱ्यांनी एवढं बघावं की पोटॅशसारखं खत चेनवर सांडून राहिलं नाही. त्यातलं क्षार लोखंडाला लवकर गंज चढवतं.

पैशाचा हिशोब

आता मुद्द्याचं. चेन सेट म्हणजे चेन, पुढची लहान चक्री आणि मागची मोठी चक्री. तिन्ही एकदमच बदलावं लागतं. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर ती थोड्याच दिवसांत जुनी होते. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेत, आपापल्या गावचे भाव आणि आपल्या गाडीचे किलोमीटर घालून प्रत्येकानं करून बघावा.

समजा गाडीची चेन उघडी आहे. साधा सेट 1,000 रुपये, मजुरी 200. तो 15,000 किलोमीटर चालला, तर किलोमीटरला 8 पैसे. सील सेट 2,000, मजुरी 200, चालला 25,000 किलोमीटर. किलोमीटरला 8.8 पैसे. म्हणजे नुसता सेट धरला तर साधाच स्वस्त.

पुढं तेल. साध्या चेनला दर 500 किलोमीटरला एकदा, एका वेळी सात रुपयांचं तेल धरलं, तर किलोमीटरला 1.4 पैसे. सील चेनला दर 1,000 ला धरलं तर 0.7 पैसे. मग चेन ओढायची मजुरी. साधी चेन दर हजार किलोमीटरला ओढावी लागली आणि गॅरेजनं 40 रुपये घेतले तर किलोमीटरला 4 पैसे. सील चेन तीन हजारांनी ओढली तर सव्वा-दीड पैसा. सगळं मिळून साधी चेन साडेतेरा पैशांच्या आसपास जाते, सील चेन पावणेअकरा पैशांच्या आसपास.

फरक पडला किलोमीटरला अडीच पैशांच्या वर थोडा. रोज 60 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 18,000 किलोमीटर पळणाऱ्या दूधवाल्याला वर्षाकाठी साडेचारशे-पावणेपाचशे रुपये. हा काही डोळे दिपवणारा आकडा नाही, आणि 'सील चेननं हजारो वाचतात' असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा हिशोब दाखवावा. रोज 15 किलोमीटर फिरणाऱ्याचा फरक तर वर्षाला शे-सव्वाशे रुपयांचा. त्यातही चेन स्वतःच ओढता येत असेल तर मजुरीचे पैसे धरायलाच नकोत, आणि मग दोन्ही चेन जवळपास सारख्याच पडतात.

गाडीला पूर्ण कव्हर असेल तर गणित उलटं फिरतं. आत धूळ कमी जाते, त्यामुळे साधाच सेट समजा 25,000 किलोमीटर चालला. तेल हजाराला, ओढणं दोन हजाराला. सगळं धरून किलोमीटरला साडेसात पैशांच्या आत. सील चेन त्याच कव्हरमध्ये 30,000 चालली असं धरलं तरी सव्वानऊ पैशांच्या पुढं. म्हणजे जे कव्हर कंपनीनं आधीच दिलंय, तेच सील चेनचं निम्मं काम करतंय. 'भारी दिसत नाही' म्हणून कव्हर काढून टाकणारी पोरं आणि नंतर महाग चेन घेणारे बाप, दोघांनी हे एकदा बघावं.

दूधवाल्याचा विचार मात्र नुसत्या पैशांनी होत नाही. चेन पहाटे साडेपाचला वस्तीवरून निघताना उतरली तर दूध संकलन केंद्राची वेळ चुकते, उन्हाळ्यात दूध नासतं. 40 लिटरचे दोन कॅन लावलेली गाडी चिखलात आडवी करून चेन बसवणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. ज्याची रोजी गाडीवर आहे त्यानं जास्तीचे हजार रुपये त्या भरवशाचे धरावेत. बाकीच्यांनी ते हजार रुपये चांगल्या कंपनीच्या साध्या सेटवर आणि वेळेवर तेलावर घातले तर नुकसान नाही.

ओझ्याच्या गाडीचा ताण

चेन ढिली नको म्हणून बरेच जण ती तारेसारखी कडक ओढून घेतात. हे ढिल्या चेनपेक्षा वाईट. गाडीवर ओझं बसलं की मागचा शॉकअप दबतो, चाक वर येतं, आणि पुढची चक्री, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. मोकळ्या गाडीवर कडक ओढलेली चेन दोन कॅन आणि एक माणूस बसल्यावर ताणून तुटायच्या बेताला येते. गिअरबॉक्सचं बेअरिंग, मागच्या चाकाचं बेअरिंग तिथंच खराब होतं. मग त्याचा दोष चेनवर जातो.

चेनला खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली हलवून बघावं. साध्या 100-125 सीसी गाडीला साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघावं, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. जिथं सगळ्यात कडक लागते तिथला ताण धरायचा. कायम ओझं वाहणाऱ्या गाडीवर माणूस आणि कॅन बसवूनही एकदा हात लावून बघावं, तेव्हाही चेन थोडी तरी हलली पाहिजे.

ओढताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्याच खुणेवर हवेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि चक्रीचे दात एका बाजूनं कापले जातात. चेन ओढली की चाक मागं सरकतं, त्यामुळे ड्रम ब्रेकच्या गाडीचा मागचा ब्रेक आपोआप टाइट होतो. ॲक्सल नट आवळल्यावर चाक मोकळं फिरतंय का आणि ब्रेक लाइट सारखा पेटत तर नाही ना, हे बघितल्याशिवाय गॅरेजमधून निघू नये.

बोटं वाचवा

चेनला तेल घालताना बरेच जण गाडी डबल स्टँडवर लावून, चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत ठेवतात आणि फडकं धरतात. फडकं चेनमध्ये ओढलं जातं, त्याच्याबरोबर बोट जातं आणि चक्रीवर कापलं जातं. हे क्षणात होतं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवायचं, हीच एक पद्धत आहे. उघड्या चेनच्या गाडीवर मागं बसणाऱ्या बाईचा पदर आणि मुलीची ओढणी याचीही तेवढीच भीती. कव्हर आणि साडी गार्ड काढून टाकलेल्या गाडीवर घरच्या बायकांना बसवू नये.

तेल कुठलं, याचा फार घोळ घालायची गरज नाही. 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं, ट्रॅक्टरवाल्याच्या घरी बहुधा त्याचा डबा असतोच. चेनच्या आतल्या बाजूनं, खालच्या पट्टीवर थेंब-थेंब सोडावं, चाक दोन-चार वेळा फिरवावं, दहा मिनिटांनी वरचं जादा तेल कापडानं पुसून घ्यावं. पुसलं नाही तर ते टायरवर उडतं आणि धूळ धरतं. चेन स्प्रेही चांगला, सील चेनला घ्यायचा तर 'ओ-रिंगला चालतो' असं लिहिलेला घ्यावा. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल मात्र घालू नये. त्यात काजळी आणि लोखंडाची बारीक भुकटी असते, म्हणजे आपणच पिन-बुशमध्ये वाळू घातल्यासारखं.

सील चेन धुवायला पेट्रोल किंवा थिनर वापरलं की रबर फुगतं, कडक होतं आणि दोन महिन्यांत चिरतं. लोखंडी तारेचा ब्रशही रिंगा फाडतो. रॉकेल मिळालं तर कापडावर घेऊन पुसावं, नाहीतर साबणाचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश.

बदलायची वेळ कशी ओळखायची

मागच्या चक्रीवर, चेन जिथं सगळ्यात मागं टेकते, तिथली कडी बोटांनी मागं ओढून बघावी. चेन दातापासून उचलून अर्धा दात उघडा दिसला तर सेट संपला. दात विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तरी तेच. ॲडजस्टर शेवटच्या खुणेला पोहोचला असेल तर एक-दोन कड्या काढून चेन आखूड करायचा सल्ला मिळतो. तसं करू नये. कडी काढली तरी बाकीच्या कड्या झिजलेल्याच राहतात आणि दात खातात.

मोजूनच बघायचं तर घरातली टेप पुरे. 428 किंवा 420 ची चेन ओढून सरळ धरायची, एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजायचं. नवी असताना हे अंतर 254 मिलिमीटर असतं. 259 च्या आसपास गेलं की साधी चेन बदलायची. सील चेन त्याआधीच, 256-257 लाच सोडलेली बरी, कारण ती एवढी झिजली म्हणजे कुठल्या तरी रिंगा आधीच गेलेल्या असतात. हे न बघता चेन तुटेपर्यंत चालवली आणि ती पुढच्या चक्रीपाशी गुंडाळली, तर इंजिनचं केसिंग फुटतं. ते काम हजारात नाही, बऱ्याच हजारांत जातं. मागचं चाक जॅम होऊन गाडी पडली तर त्याहून वाईट.

दुकानातून घेताना

चेन बनवणाऱ्या देशी कंपन्या चांगल्या आहेत. कोइम्बतूरच्या एल.जी. बालकृष्णन कंपनीची रोलॉन, मुरुगप्पा समूहातल्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची डायमंड, ही नावं गॅरेजमध्ये माहितीची असतात. गाडीच्या कंपनीच्या नावाचा सेटही घेता येतो, थोडा महाग पडतो. नावाचं एखादं अक्षर बदलून, पाकीट हुबेहूब करून विकलेला माल स्वस्त पडतो आणि एका हंगामात वाजायला लागतो, म्हणून पाकिटावरचं नाव नीट वाचावं आणि पक्कं बिल मागावं. बिलावर 'सील' किंवा 'ओ-रिंग' असं लिहून घ्यावं, नुसतं 'चेन सेट' नको.

बसवताना समोर उभं राहावं. चेन जोडायच्या लॉकला क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं पुढं जाते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघून जाते. सील चेनच्या लॉकबरोबर चार सुट्या रिंगा येतात, दोन आत, दोन बाहेर. घाईत त्यातली एखादी जमिनीवर राहते आणि तो एक सांधा बिनसीलचाच चालतो, सगळ्यात आधी मरतो. काही सील चेनच्या लॉकला क्लिप नसते, पिनचं तोंड यंत्रानं दाबून फुलवायचं असतं. ते यंत्र नसलेल्या गॅरेजमध्ये हातोडीनं ठोकून जोडतात. एवढी महाग चेन तशी जोडून घेण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी एक फेरी झालेली परवडते.

नवी चेन, साधी असो की सीलची, पहिल्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये थोडी ढिली पडते. सगळे सांधे बसतात म्हणून. तेव्हा एकदा ताण बघून घ्यावा, आणि सेट बसवल्याची तारीख व मीटरवरचा आकडा बिलाच्या पाठीमागं लिहून ठेवावा. पुढच्या वेळी आपला सेट खरा किती किलोमीटर चालला हे त्यावरूनच कळेल, दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावरून नाही.